दुसरा डोळा कॅमेऱ्याबाहेर

‘मॅडम, रोज व्हिडिओ बघते, सगळं समजतं, पण करायला बसलं की हात वळत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?’

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणारी वेगवेगळी माणसं घेऊन येतात. कुणाला गिटार शिकायची असते, कुणाला ब्लाउज बेतायचा असतो, कुणाला चारचौघांत इंग्रजी बोलायचं असतं. आज सांगतेय ती गोष्ट आय-मेकअपची, वैशालीताईंची. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.

वैशालीताई सांगलीकडच्या एका शाळेत लिपिक आहेत. वय 44. आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. रात्री दीड-दोनपर्यंत जाग, सकाळी डोकं जड, कार्यालयात आकडे चुकायला लागलेले. ‘झोप येत नाही तेव्हा काय करता?’ असं विचारलं तर बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला. सेव्ह केलेल्या व्हिडिओंची यादी होती. सगळे डोळ्यांच्या मेकअपचे: स्मोकी आय, कट क्रीज, विंग लायनर (डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून वर नेलेली रेघ), ‘नवशिक्यांसाठी’, ‘फक्त पाच मिनिटांत’. बोटाने सरकवत गेलं तरी यादी संपेना.

झालं होतं असं. नणंदेच्या मुलीच्या रिसेप्शनसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आयलायनर लावलं. मुलगी बारावीतली, ती खळखळून हसली, ‘आई, पांडा दिसतेस!’ नवरा गाडीची किल्ली शोधत होता. त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘आता कुणासाठी?’ वैशालीताई आत गेल्या, साबणाने तोंड धुतलं, नेहमीची टिकली लावली आणि रिसेप्शनला गेल्या. तिथे जेवल्या, फोटोत उभ्या राहिल्या, आहेर दिला. कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर शिकणं सुरू झालं ते चोरून. घर झोपलं की बाथरूमला कडी लावायची, कानात हेडफोन घालायचे. लावायचं, बघायचं आणि उजेडात यायच्या आत पुसून टाकायचं. ‘इतके महिने झाले मॅडम, डावा डोळा एकदासुद्धा नीट आला नाही. आणि या वयात हे असलं वेड बरं आहे का, तेही सांगा.’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण त्याला वेळ लागणार नव्हता. आपल्या चेहऱ्यावर आपल्याला आवडेल ते करून बघावंसं वाटणं हा आजार नाही, त्याला वयाची अट नाही. माणूस स्वतःचे डोळे कुरूप आहेत या विचाराने घराबाहेर पडायचं टाळू लागला, दिवसाचे कित्येक तास आरशात तोच एक दोष तपासू लागला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. हे सगळं मी त्यांना विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. त्यांना डोळ्यांचा तिटकारा नव्हता, हौस होती. ती हौस लपवावी लागत होती, त्यानेच झोप उडाली होती.

मग पहिला प्रश्न. मी विचारलं, ‘गेल्या आठवड्यात किती रात्री व्हिडिओ पाहिले?’ उत्तर आलं, रोज. ‘आणि ब्रश किती वेळा हातात घेतला?’ त्या आठवू लागल्या. एकदा. तेही लायनर सुरू केलं आणि पाण्याचा आवाज ऐकून कुणीतरी उठलं असं वाटलं, म्हणून अर्धवट पुसलं.

म्हणजे महिनोन्‌महिने ज्याला त्या ‘शिकणं’ म्हणत होत्या, ते बहुतेक सगळं पाहणंच होतं. यात त्यांचा काही वेगळेपणा नाही. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात लोकांना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदाच आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना खात्री वाटली की आपला नेम चांगला लागणार. प्रत्यक्ष फेकल्यावर ते एकदा पाहणाऱ्यांपेक्षा जराही सरस निघाले नाहीत. पाहून वाढतो तो आत्मविश्वास, हात नव्हे. दुसऱ्या एका प्रयोगात जगलिंगचा, म्हणजे एकाच वेळी अनेक वस्तू हवेत उडवून झेलण्याचा, व्हिडिओ पाहून झाल्यावर लोकांच्या हातात त्या उडवायच्या पिन नुसत्या धरायला दिल्या. वजन हाताला लागलं आणि फाजील आत्मविश्वास तिथेच उतरला.

वैशालीताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पण माझा आत्मविश्वास तर कमी झालाय.’ बरोबर होतं त्यांचं. व्हिडिओ पाहताना तो वाढायचा, म्हणून अर्धवट रेघ आणखी बोचायची. सगळं समजलंय, आता जमलंच पाहिजे, आणि जमत नाही म्हणजे दोष आपलाच, अशी ती साखळी होती.

त्यांच्या यादीतले काही व्हिडिओ आम्ही दोघींनी एकत्र पाहिले. आवाज बंद करून. मी त्यांना सांगितलं, तिचं बोलणं ऐकू नका, काय दाखवत नाही ते बघा. तिसऱ्या व्हिडिओला वैशालीताईंनीच पॉझ केलं. ‘अहो, ही दुसरा डोळा करतच नाही!’ खरंच होतं. एका डोळ्यावर रेघ, विंग, शॅडो, सगळं सावकाश दाखवलं. मग एक कट, आणि दुसरा डोळा तयार. कॅमेऱ्याबाहेर झालेला. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. उजव्या हाताच्या माणसाला डावा डोळा अवघड जातो. हात नाकावरून पलीकडे न्यावा लागतो, मनगट वाकतं, आरशातला डोळा हाताआड जातो. आणि दोन्ही बाजू सारख्या आणायच्या ही कसोटीसुद्धा दुसऱ्या डोळ्यावरच लागते. त्या जिथे अडत होत्या नेमका तोच भाग त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

आणखीही बरंच दिसत नव्हतं. शिकवणाऱ्या मुलीची वरची पापणी ताणलेली, तिशीच्या आतली. चाळिशीनंतर पापणीची त्वचा सैल पडते, घडी खाली उतरते. डोळा मिटून काढलेली सरळ विंग डोळा उघडल्यावर घडीत शिरते आणि मोडलेली दिसते. वैशालीताईंची रोज मोडत होती ती अशी. हात थरथरतो म्हणून मोडत नव्हती, पापणीचा आकार वेगळा म्हणून मोडत होती. त्यावर उपाय सोपा आहे: डोळा उघडा ठेवून, आरशात सरळ समोर बघत विंगचं टोक आधी ठरवायचं, खालच्या पापणीची रेघ भुवईच्या शेपटाकडे जिथे जाईल त्या दिशेने. मग आतली जागा भरायची.

आणि चष्मा! दीड वर्षापूर्वी त्यांना चाळिशी लागली होती. चष्मा घातला तर लायनर लावता येत नाही, काढला तर पापणीची कड दिसत नाही. महिनोन्‌महिने त्या जवळजवळ अंदाजानेच रेघ ओढत होत्या, आणि शिकवणाऱ्या बहुतेक मुली त्यांच्याहून तरुण असल्याने कुठल्याही व्हिडिओत याचा उल्लेख नव्हता. मोठं दाखवणारा आरसा दुकानात मिळतो. एकेक काच खाली पाडता येणारा मेकअपचा चष्माही मिळतो, एका डोळ्याने बघायचं आणि दुसऱ्याला लावायचं. त्यांनी आरसा घेतला.

आता हाताचं. मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला हेन्री मोलेसन ठाऊक असतो. 1953 साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूचा काही भाग काढला आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं: चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे न बघता आरशात बघून. करून बघा, हात उलटीकडेच पळतो. हेन्रीच्या चुका तीन दिवसांत कमी होत गेल्या. प्रत्येक दिवशी त्याला वाटायचं, हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. त्याला काही आठवत नव्हतं, पण हात शिकत होता.

आरशात बघून लायनर लावणं हे त्याच जातीचं काम आहे. ते डोक्यात साठत नाही, हातात साठतं, आणि हातात साठायला हात चालवावा लागतो. वैशालीताईंना हे पटायला मला फार बोलावं लागलं नाही, कारण त्या रांगोळी सुरेख काढतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रवेशदारातली मोठी रांगोळी त्यांचीच असते. ‘चिमटीतून सरळ रेघ पडायला किती दिवस लागले?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘लहानपणी आईबरोबर अंगणात बसायचे. फिसकटलं की हाताने पुसून परत. किती ते कोण मोजतं?’ अंगणातली फिसकटलेली रांगोळी येणारे-जाणारे सगळे बघायचे, त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. बाथरूमच्या कडीआड ती वाटत होती.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, यादीतला एकच व्हिडिओ ठेवायचा, बाकी काढून टाकायचे. हे त्यांना जड गेलं. ती यादी म्हणजे त्यांच्यासाठी दिलासा होता, कधीतरी हे सगळं येईल असा. एक व्हिडिओ त्यांनीच निवडला, साध्या बारीक लायनरचा, त्यांच्यासारख्याच सैल पापणीच्या बाईचा. तो एकदा पाहायचा, फोन पालथा ठेवायचा आणि करायला बसायचं. सुरुवात डाव्या डोळ्याने करायची, हात ताजा असताना. कोपर टेबलावर टेकलेलं, करंगळी गालावर टेकलेली, आरसा हनुवटीच्या थोडा खाली म्हणजे मान न उचलता पापणी ताणून दिसते. एकदम रेघ ओढायची नाही, पापणीच्या केसांच्या मुळाशी ठिपके देत जायचं आणि मग ते जोडायचे. विंग नाही, शॅडो नाही. तेवढंच, आठवडाभर.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती: पुसायचं नाही. जशी येईल तशी रेघ ठेवायची आणि संध्याकाळी घरात वावरायचं. कुणी काही म्हणालं तर ‘शिकतेय’ एवढंच म्हणायचं.

मुलीला मी एका भेटीला बोलावलं. पांडा म्हटल्याचं तिच्या लक्षातही नव्हतं. कळल्यावर ती रडवेली झाली आणि लगेच शिकवायला निघाली, ‘आई, मी लावून देते ना तुला!’ तिला थांबवावं लागलं. लावून दिलं तर पुन्हा हात दुसऱ्याचाच चालणार. तिला काम दिलं ते शेजारी बसून स्वतःचं लायनर लावायचं, आणि आईचं बघून विचारल्याशिवाय सूचना करायची नाही. मुलीचीही डावी रेघ वाकडी येते हे वैशालीताईंना तेव्हा कळलं. ज्या मुलीला सगळं येतं असं त्या धरून चालल्या होत्या, तीसुद्धा कापसाची काडी ओली करून टोक नीट करून घेत होती. पुढच्या भेटीत त्यांनी मला हे किती उत्साहाने सांगितलं!

मध्येच एक अडचण आली. उजवा डोळा लाल झाला, खाज सुटली. वैशालीताईंना वाटलं, ही आपल्याला शिक्षाच. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. कारण साधं होतं: बाथरूममधला जुना मस्कारा, कधी उघडला ते आठवत नव्हतं, आणि काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर. डॉक्टरांनी समजावलं की त्या कडेवर तेलग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की डोळे चुरचुरतात. लायनर केसांच्या बाहेरच्या बाजूने लावायचं, मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, ब्रश कुणाचा वापरायचा नाही, झोपताना सगळं काढायचं. डोळा आलेला असताना वापरलेलं तर पुन्हा वापरायचंच नाही. घरात सासूबाईंच्या वेळची सुरम्याची कुपी होती, ती टाकायला सांगितली. काही सुरम्यांत शिसं असतं. हे सगळं व्हिडिओवाल्यांनी पहिल्या मिनिटात सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. काही सांगतातही, पण फार थोडे.

डोळा बरा होईपर्यंत थांबलो. त्या काळात त्या कागदावर पेन्सिलीने, आरशात बघून रेघा काढत होत्या. ही त्यांचीच कल्पना, हेन्रीच्या गोष्टीवरून सुचलेली.

झोप सुधारली. रात्री कडी लावून करायचं काही उरलं नव्हतं, फोन मुलीच्या टेबलावर राहू लागला. रेघ आजही रोज सारखी येत नाही. डाव्या बाजूला थोडी जाड होते, मग उजवीही जाड करून घेतात. स्मोकी आयचा नाद त्यांनी स्वतःहून सोडला. ‘मला बारीक रेघच शोभते,’ म्हणाल्या. शाळेत लावून जातात. पहिल्या दिवशी सहकारी बाईंनी विचारलं, ‘डोळ्यांना काय केलंय, छान वाटतंय,’ आणि ठरल्याप्रमाणे त्या म्हणाल्या, ‘शिकतेय.’

‘आता कुणासाठी?’ हे मात्र अजून तसंच आहे. नवऱ्याने ते पुन्हा म्हटलेलं नाही, आणि वैशालीताईंनीही त्या दिवशी तोंड का धुतलं ते त्याला सांगितलेलं नाही. व्हिडिओ बघून जमत नाही ही तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच जणांच्या मनात असं एखादं वाक्य असतं, आणि रेघ सरळ आली म्हणून ते पुसलं जात नाही. ते वाक्य त्याच्यासमोर कसं काढायचं, रागावून नाही आणि हसण्यावारीही नाही, याची तयारी आम्ही सध्या करतोय. पुढच्या भेटीला त्या त्याला सोबत घेऊन येणार आहेत.