डेव्हिसचं यंत्र दाखवायला उभा राहशील तेव्हा

बाळ, बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडून वर येताना श्वास घ्यायचं हे यंत्र. पहिली गोष्ट: जुनं यंत्र तोंडाला लावायचं नाही. रबर कुजलेलं असतं आणि डब्यातल्या रसायनाची भुकटी घशात गेली की भाजते. तोंडात धरून दाखवायला वेगळी नक्कल ठेव. ऑक्सिजनची बाटली रिकामी करून घे. झडप अडली तरी तेल, ग्रीस लावू नकोस; दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

क्रम असा: पिशवी छातीवर, मुखनळी दातांत, नाकाला चिमटा, मग गॉगल. चिमटा विसरलास तर सगळं फुकट, कारण माणूस नाकानंच श्वास घेतो. शेवटी पुढचा रबरी पडदा उलगड. वर येण्याचा वेग त्यानंच आवरतो. हे लोकांना नवं असतं, तिथं थांब.

डब्याचं काम निपाणी-खानापूरच्या माणसाला सांगायला सोपं. पानाला लावतो त्या चुन्याच्या जातीचंच रसायन उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, बाटली ऑक्सिजन भरून काढते. 1931 साली बुडालेल्या ब्रिटिश पोसायडन पाणबुडीतून काही नाविक याच्याच आधारानं वर आले, हे जरूर सांग. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी ठरतो, झटके येतात, हेही लपवू नकोस.

ठेवताना पिशवीला आत-बाहेर टाल्कम लाव, घडी घालू नकोस.