बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीजवळच्या ओंडक्यांच्या घरात फायरप्लेस बांधावी की बंद स्टोव्ह बसवावा?

काचेच्या दाराचा बंद स्टोव्ह घ्या, बिडाचा किंवा जाड पत्र्याचा. उघडी फायरप्लेस दिसते छान, पण बहुतेक ऊब चिमणीतून वर जाते आणि खोलीतली गरम हवाही ओढून नेते. शिवाय दगडी बांधकामाला वेगळा पाया लागतो. आपल्याकडे थंडी डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती, त्यामुळे छोटा स्टोव्ह पुरतो. मोठा घेतलात तर दार-खिडक्या उघडाव्या लागतील, नाहीतर आग मंद ठेवाल आणि चिमणीत काजळी साचेल. ती पेटली तर लाकडी घराला फार मोठा धोका.

खरी काळजी चिमणीची. छतातून जाताना दुहेरी भिंतीचा, मधे उष्णतारोधक भरलेला पाइपच हवा. ओंडक्यांच्या भिंती वाळताना खाली बसतात, म्हणून पाइप छताला घट्ट जखडू नका. कंपनीने वेगळं अंतर दिलं नसेल तर स्टोव्ह भिंतीपासून 90 सेंटिमीटर दूर ठेवा, खाली फरशी घाला. खानापूर भागातला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, चिमणीवर टोपी हवीच.

सरपण उन्हाळ्यातच वाळवून छपराखाली रचा, ओलावा 20 टक्क्यांच्या आत असावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र झोपायच्या खोलीजवळ लावाच.