गळपट्टीचं हाड मोडलं: प्लेट की झोळी?

प्रश्न : दुचाकीवरून पडून माझं कॉलरबोन मधोमध मोडलं. वय ४१. हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत. एक डॉक्टर शस्त्रक्रिया करून धातूची प्लेट घाला म्हणतात, दुसरे म्हणतात हात गळ्यातल्या झोळीत ठेवूनही जुळेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोन्ही सल्ले रास्त असू शकतात. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, आतून टोचून कातडी पांढरी पडत असेल, हाताची नस किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. तसं नसेल तर एक्स-रेवर दोन गोष्टी विचारा : टोकांचा एकमेकांशी संपर्क पूर्ण सुटला आहे का, आणि हाड किती आखूड झालं आहे? दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आखूड झालं असेल किंवा मध्ये तुकडे असतील, तर प्लेटचं पारडं जड होतं. अशी पूर्ण सरकलेली हाडं झोळीत ठेवली तर शंभरातल्या दहा-पंधरा जणांची जुळत नाहीत. प्लेटने हा आकडा दोन-तीनवर येतो. धूम्रपानाने न जुळण्याचा धोका वाढतो, म्हणून सिगारेट आजच सोडा. मात्र हाड जुळलं, तर वर्षभराने प्लेटवाल्यांचे आणि झोळीवाल्यांचे खांदे जवळपास सारखेच चालतात. झोळीचा मार्ग निवडल्यास तिथे टेंगूळ राहील, हे गृहीत धरा. नंतर हाड जुळलं नाहीच, तरी तेव्हा प्लेट घालता येते. बहुधा सोबत हाडाचा कलम (दुसरीकडून घेतलेलं हाड) लावावा लागतो, आणि ती शस्त्रक्रिया ताज्या हाडापेक्षा अवघड असते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावी. हाड मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू बसतील अशी प्लेट लावतात. चिरेखाली छातीच्या वरच्या भागाला बधिरपणा येतो, कारण त्वचेच्या बारीक नसा तिथूनच जातात. काहींचा तो कायम राहतो. याची कल्पना शस्त्रक्रियेआधीच दिलेली बरी, नाहीतर माणूस घाबरतो.

प्रश्न : प्लेट बसली, आता हात कधी वापरू?

उत्तर : बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा. झोळी साधारण दोन आठवडे. कमरेत वाकून हात लोंबकळत ठेवून हलके झुलवण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने लवकर सुरू होतो. सहा आठवडे हात खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नका आणि चहाच्या कपापेक्षा जड काही उचलू नका. प्लेट मोडते किंवा स्क्रू सुटतात ते बहुतेक याच काळात, कारण दुखणं कमी झालेलं असतं पण हाड अजून कच्चं असतं. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं समजू नका. एक्स-रे पाहूनच भार वाढवा. धक्काबुक्कीचे खेळ तीन-चार महिन्यांनंतर, तेही हाड जुळल्यावरच.

झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसते राहा, कोपराखाली छोटी उशी घ्या. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. गाडी मात्र झोळी सुटून, स्टिअरिंग झटक्याने फिरवता येईपर्यंत चालवू नका.

ताप, जखमेतून पू, वाढती लाली, अचानक वाढलेलं दुखणं किंवा 'कट्' असा आवाज आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. श्वास लागला तर थेट आपत्कालीन विभागात जा.

बॅगेच्या किंवा सीटबेल्टच्या पट्ट्याच्या घर्षणाने प्लेट टोचत असेल तर ती काढता येते, पण साधारण वर्ष-दीड वर्षानंतर. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे हाड पुन्हा मोडू शकतं. त्रास नसेल तर प्लेट तशीच राहू द्यावी.