फवारणीचं विष, अ‍ॅट्रोपिन आणि तुझा प्रबंध

नाशिक

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाच्या सिनॉप्सिसचा (आराखड्याचा) मसुदा मिळाला. ऑर्गॅनोफॉस्फरस (ओपी) कीटकनाशकांच्या विषबाधेत पीएएम (प्रालिडॉक्सिम) या उताऱ्यामुळे मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचाच आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीची बाटली हाताशी असते आणि ती पोटात रिचवलेला रुग्ण आपल्या आयसीयूत येतो. पण शंभर रुग्णांत याचं उत्तर मिळणार नाही. मृत्यू 20 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले हे 80 टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) दाखवायला प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण लागतात.

आधी झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाच. 2006 मध्ये बारामतीच्या डॉक्टरांचा 200 रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांना आधी 2 ग्रॅम पीएएम दिलं. मग एका गटाला 48 तास ताशी 1 ग्रॅम सतत, दुसऱ्याला दर चार तासांनी 1 ग्रॅम. मृत्यू अनुक्रमे 1 आणि 8 टक्के. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या 235 रुग्णांत मात्र पीएएम गटात 24.8 आणि सलाइन गटात 15.8 टक्के मृत्यू; फायदा दिसलाच नाही. बारामतीचे रुग्ण मध्यम तीव्रतेचे आणि लवकर पोचलेले होते, हा फरक मोठा आहे. शिवाय डायमेथोएटसारख्या डायमिथाइल विषात, पीएएम ज्याला पुन्हा चालू करतं ते कोलिनेस्टरेज एन्झाइम काही तासांतच कायमचं निकामी होतं, क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल विषात त्याला दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून तुझ्या प्रोफॉर्म्यात (नोंदीच्या तक्त्यात) नुसतं ‘ओपी पॉयझनिंग’ चालणार नाही. बाटली मागवून घे, लेबलचा फोटो काढ, विष घेतल्याची वेळ लिही आणि ती कुणी सांगितली तेही लिही.

माझं मत असं, की मृत्यू हा मुख्य निष्कर्ष ठेवू नकोस. अ‍ॅट्रोपिनायझेशनला, म्हणजे अ‍ॅट्रोपिन या दुसऱ्या उताऱ्याचा पुरेसा परिणाम दिसायला, किती मिनिटं लागतात आणि उशीर नेमका कुठे होतो, ते मोज. हे शंभर रुग्णांत नीट मोजता येतं, आणि कळलं तर पुढच्या महिन्यापासून सुधारताही येतं. बांगलादेशात 156 रुग्णांच्या अभ्यासात डोस दुप्पट करत नेऊन मग इन्फ्युजन (शिरेतून सतत औषध) लावल्यावर सरासरी 24 मिनिटं लागली, जुन्या पद्धतीने 152. मृत्यू अनुक्रमे 8 आणि 22.5 टक्के. हे माहीत असताना संथ पद्धतीचा गट मुद्दाम करणं अनैतिक ठरेल. तुझा अभ्यास निरीक्षणाचाच असू दे.

डोस दुप्पट करत नेणं म्हणजे अ‍ॅट्रोपिनची 0.6 मिलिग्रॅमची 3 अँप्यूल, पाच मिनिटांनी 6, मग 12, मग 24. पंधराव्या मिनिटापर्यंत 45 अँप्यूल होतात. कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत तेवढी असतात का, हेही मोजमापात घे. दर पाच मिनिटांनी छाती, नाडी (80 च्या वर), सिस्टॉलिक बीपी (80 च्या वर), काख कोरडी आहे का आणि डोळ्यांच्या बाहुल्या, अशी नोंद हवी, आणि ती त्याच क्षणी. रात्री केसपेपरवरून भरलेली वेळ हमखास 5 नाहीतर 0 वर संपते. एक चूक फार होते. अ‍ॅस्पिरेशन झालेल्या (उलटी फुप्फुसात गेलेल्या) रुग्णाची क्रेप्स, म्हणजे छातीतले करकर आवाज, एकाच बाजूला, बहुधा उजव्या तळाशी राहतात. ती अ‍ॅट्रोपिनने जात नाहीत, आपण मात्र देत राहतो आणि रुग्ण तापतो, बरळतो, आतड्यांचा आवाज बंद होतो. त्यासाठी वेगळा रकाना ठेव.

कोलिनेस्टरेजचं रक्त पीएएमच्या आधी घे आणि बर्फात पाठव, कारण नळीतही विषाची क्रिया चालूच राहते. 24 ते 96 तासांत रोज रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांग. मान उचलता आली नाही तर इंटरमीडिएट सिंड्रोमची (विषानंतर काही दिवसांत स्नायू दुबळे होण्याची) ती पहिली खूण. श्वास त्यानंतर थकतो.

विश्लेषणात एक सापळा आहे. पीएएम उशिरा मिळालेला रुग्ण ते मिळेपर्यंत जगलेलाच असतो, म्हणून तो गट उगाच सरस दिसतो. सगळ्यांची शून्य वेळ कॅज्युअल्टीत पोचल्याची धर.

संमती नातेवाइकांची घेशील, पण रुग्ण शुद्धीवर आला की त्याला स्वतःला पुन्हा विचार. ही मेडिको-लीगल केस असते, घरचे घाबरलेले असतात. अभ्यासाचा कागद पोलिसांच्या जबाबापेक्षा वेगळा आहे हे आधी सांग. सुरगाणा-पेठकडच्या कुटुंबांशी त्यांची बोली येणारी नर्स बोलली तर बरं. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल अभ्यासांची नोंदवही) नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी हवी.

आणि डामा, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले रुग्ण. पैसे संपले म्हणून व्हेंटिलेटरवरून घरी नेलेला रुग्ण ‘डिस्चार्ज’ म्हणून मोजलास तर मृत्युदर खोटाच कमी दिसेल. दोन नातेवाइकांचे मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी घे, एक घरातला आणि एक गावातला, आणि 28 व्या दिवशी फोन कर. फोन लागला नाही तर रकान्यात ‘माहिती नाही’ असंच लिही.