साटण, ऑलिव्ह आणि पांगारा

'साटण हा शब्द एका चिनी शहराच्या नावावरून आला, हे खरं की थाप?' असा प्रश्न आहे.

बहुधा खरं. साटणीचा परकर म्हणतो ती 'साटण' आपल्याकडे इंग्रजीतल्या 'सॅटिन'वरून आली असावी. या कापडाला जुनं मराठी नाव 'अतलस', तेही बाहेरचंच, अरबीतलं. सॅटिनच्या मागे मात्र 'जैतून' उभं आहे. दक्षिण चीनच्या फूच्येन प्रांतातलं च्वानचौ बंदर अरब व्यापारी या नावानं ओळखत.

अरबीत जैतून म्हणजे ऑलिव्ह. पण च्वानचौत ऑलिव्ह कुठले! 14व्या शतकात तिथे गेलेल्या मोरोक्कोच्या प्रवाशानं, इब्न बतूतानंही लिहून ठेवलंय की नाव जैतून असलं तरी इथे ऑलिव्ह नाहीत. भानगड अशी, की 10व्या शतकात तट वाढवताना शहराभोवती 'त्सथुंग'ची झाडं लावली होती. त्यावरून शहरालाही तेच नाव पडलं. अरबांच्या कानांनी त्याचं ओळखीचं 'जैतून' करून टाकलं.

आता हे त्सथुंग म्हणजे कोण? आपला पांगारा! तोच काटेरी, पानं झडल्यावर लालभडक फुलणारा. आजही ते च्वानचौचं नगरपुष्प आहे. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात आवडतो.

इब्न बतूता आणखी सांगतो, की इथलं रेशमी कापड शहराच्याच नावानं ओळखलं जातं. स्पॅनिशमधलं जुनं 'आसेइतुनी' आणि इटालियनमधलं 'झेतानी' याच घरातले. काही जण सॅटिनचा संबंध लॅटिन 'सेता'शी, म्हणजे राठ केसाशी, जोडतात. इटालियनमध्ये रेशीम म्हणजे 'सेता'च, त्यामुळे त्या शब्दाचा थोडा रंग चढला असेल. पण 'न' कुठून आला, याचं सरळ उत्तर जैतूनकडेच मिळतं.

कापडाला गावाचं नाव चिकटावं एवढं हे बंदर मोठं होतं का? होतं. 1087 साली तिथे सागरी व्यापाराची सरकारी कचेरी उघडली. तिथली मशीद 1009 सालची. 1281चा तमिळ-चिनी शिलालेखही सापडलाय, म्हणजे आपल्याकडचे व्यापारीही तिथे राहून होते. मार्को पोलोच्या म्हणण्याप्रमाणे मिरीचं एक जहाज अलेक्झांड्रियाला गेलं तर जैतूनला शंभर येत (तो जरा फुगवून सांगतो, पण असो).  

पुढे युआन, म्हणजे मंगोल राजवटीच्या अखेरीची बंडाळी, त्यानंतरच्या मिंग राजांची समुद्रबंदी आणि बंदरात साचणारा गाळ, यांत जैतून मागे पडलं. आज तिकडे बूट आणि कपड्यांचे कारखाने आहेत.

तेव्हा 'साटण'ची व्युत्पत्ती लिहिताना 'जैतून' लिहा, पण कंसात 'ऑलिव्ह' लिहू नका. 'पांगारा' लिहा.