पाग हातातून सुटेना तेव्हा

प्रश्न : ताई, मी देवगडचा. संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकण्याचा व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा आभासी) खेळ करतोय, हातात धरायचा कंट्रोलर न घेता, नुसत्या हातांनी खेळायचा. हेडसेट क्वेस्ट २, खेळ युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. हात छान दिसतात, मूठही वळते. पण फेकायला गेलं की पाग कधी हातालाच चिकटतो, कधी पायाशीच पडतो. सर म्हणतात, कंट्रोलर घे आणि विषय संपव. काय करू?

उत्तर : अजून महिनाभर तरी कंट्रोलर घेऊ नकोस. मालवणात बसून मी याच एका गोष्टीवर दोन पावसाळे घालवले आहेत, त्यामुळे तू कुठे अडलास ते मला नेमकं कळतंय.

सरांचं म्हणणं मात्र बिनबुडाचं नाही. कंट्रोलरच्या पोटात त्याची स्वतःची हालचाल मोजणारे सेन्सर असतात. तो पाठीमागे गेला, कॅमेऱ्याला दिसला नाही, तरी थोडा वेळ त्याला स्वतःचा पत्ता माहीत असतो. उघड्या हाताला ती सोय नाही. क्वेस्ट २ ला बाहेरच्या बाजूने चार कॅमेरे आहेत. त्यांना जेवढा हात दिसतो, तेवढाच खेळात असतो.

आता पाग टाकणारा माणूस आठव. दोरीचा फास मनगटात, जाळ्याचा थोडा भाग कोपरावर, घेराची एक कड उजव्या हातात, काही जण एक कड दातांतही धरतात. मग तो कमरेतून मागे वळतो आणि त्या वळणाच्या जोरावर जाळं सोडतो. शिशाच्या गोळ्या बाहेर फाकतात आणि पाग ताटासारखा गोल होऊन पाण्यावर पडतो. सगळी करामत त्या मागे वळण्यात आहे आणि नेमका तेव्हाच उजवा हात कानामागे जातो. कॅमेऱ्याच्या हिशेबी तो नाहीसा झाला. परत येतो तो इतक्या वेगाने की चित्रात नुसता फराटा उमटतो. हेडसेटला हात पुन्हा सापडेपर्यंत बोटं उघडून झालेली असतात.

आमच्या शेजारच्या काकांचा खाडीत पाग टाकण्यात हात धरणारं कोणी नाही. माझा पहिला नमुना मी त्यांनाच घातला. त्यांनी पडवीत उभं राहून, रोज टाकतात तसा पाग टाकला आणि थांबून विचारलं, “माझो हात खंय गेलो?” ते वाक्य मी त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेलं.

पायाशी पडतो त्याचं आधी सांगते. बोटं उघडल्याची खबर खेळाला नेहमी उशिरा मिळते, तोवर हात मंदावलेला असतो. तू त्या क्षणाचा वेग जाळ्याला देत असणार. तसं करू नकोस. तळव्याची मागच्या दहा-बारा फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राची, जागा साठवून ठेव. सेकंदाला ७२ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १४ मिलिसेकंदांची, म्हणजे दीड दशांश सेकंदाचा इतिहास तुझ्या हाताशी राहतो. बोटं उघडली असं कळलं की त्या इतिहासात हात सर्वांत वेगात कधी होता ते शोध आणि तोच वेग, तीच दिशा जाळ्याला दे. माझ्याकडे एवढ्या एका बदलाने पाग पाण्यापर्यंत जायला लागला.

आणि हाताची थरथर घालवायला तू जागांची सरासरी काढत असशील तर तिच्यातही फेक विरघळते. त्यासाठी वन युरो फिल्टर बघ. हात संथ असला की तो जास्त गाळतो, वेगात असला की कमी गाळतो. गणित जेमतेम पानभराचं आहे.

चिकटण्याचं कारण वेगळं. मूठ ‘मिटली’ आणि ‘उघडली’ यांसाठी तू एकच आकडा ठेवला असशील, तर हात त्या आकड्यापाशी आला की खेळाचं मन दर फ्रेमला बदलतं. दोन आकडे ठेव. बोटांची टोकं तळव्याच्या बरीच जवळ आली तर मिटली म्हण, आणि त्याहून बरीच लांब गेली तरच उघडली म्हण. मधल्या पट्ट्यात आधीची अवस्था तशीच राहू दे. हात दिसेनासा झाला तर लगेच निकाल देऊ नकोस. पाव सेकंद थांब. हात उघडा परत आला तर पाग सुटला असं धर, मिटलेला आला तर अजून हातातच आहे.

एवढं करूनही पाठीमागची आंधळी जागा उरतेच. ती कोडने जात नाही, खेळाच्या रचनेने जाते. मी शेवटे माशांचा थवा समोरच्या पाण्यात न ठेवता खेळणाऱ्याच्या उजव्या अंगाला ठेवला. पाण्यावर बारीक वळवळ दिसते, माणूस मान वळवून तिकडे बघतो, आणि मानेबरोबर कॅमेरेही वळतात. मागे गेलेला हात आपोआप नजरेत येतो. काकांना याचं काहीच सांगावं लागलं नाही. पाण्यावर नजर ठेवूनच ते आयुष्यभर पाग टाकत आलेत.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. आमच्या वाडीतल्या एका आजोबांची उजवी तर्जनी अर्ध्यातून गेलेली आहे, ट्रॉलरच्या विंचमध्ये, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात. त्यांनी हेडसेट घातला तेव्हा खेळातल्या हाताला पाचही बोटं पूर्ण होती आणि ती तर्जनी सारखी उलटसुलट फडफडत होती. ओपनएक्सआर या व्हीआरसाठीच्या खुल्या मानकात प्रत्येक हाताचे २६ बिंदू मोजले जातात, आणि ते बिंदू पाच पुरी बोटं गृहीत धरूनच मांडलेले असतात. मी पकड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीवर बेतली होती, त्यामुळे आजोबांना जाळं उचलताच येईना. ते काही बोलले नाहीत. हेडसेट काढून अलगद माझ्या हातात दिला. त्या रात्रीच मी पकडीचा नियम बदलला. अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांपैकी कुठलीही दोन मिटली की पकड झाली. दहा ओळींचं काम होतं. किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातांनी खूप सोसलेलं असतं. तू त्यांच्यासाठी खेळ करणार असशील तर हा नियम आजच घाल.

जाळ्याचं वजन हातात जाणवत नाही, ही खंत तुलाही वाटेल. मी हातात सुंभाचा खरा तुकडा देऊन पाहिला. दोरीने बोटं झाकली गेली आणि खेळातली बोटं थरथरायला लागली, म्हणून सोडून दिलं. त्यापेक्षा जाळं हाताच्या किंचित मागे रेंगाळू दे आणि गोळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज दे. डोळे आणि कान मिळून हाताला बरंच वजन पटवतात. संपूर्ण जाळं कापडासारखं हलवायच्या फंदात मात्र पडू नकोस, हेडसेटचा प्रोसेसर धापा टाकेल. घेरावर वीस-चोवीस बिंदू पुरतात. आरपार दिसणाऱ्या जाळीचे थर एकावर एक आले की चित्र अडखळतं, म्हणून थर कमी ठेव.

चाचणी कुठे घेतोस? माजघरातल्या अंधारात कॅमेऱ्याला हात दिसत नाही आणि खळ्यातल्या उन्हात नेऊच नकोस. भिंगांवर थेट ऊन पडलं तर थोड्या वेळातही आतला पडदा जळतो. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत जो उजेड असतो, तो या कामाला सर्वांत चांगला.


प्रश्न : मी गुहागरजवळ शिक्षिका आहे. शाळेला एक हेडसेट भेट मिळाला आहे. एका माजी विद्यार्थ्याने त्यावर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, छोटा खेळ करून दिला. त्यात मुलं होडीत बसून समुद्रात जाळं सोडतात. सातवीच्या दोन मुलींना मळमळलं, एक तर रडली. खेळ बंद करावा का?

उत्तर : बाई, खेळ बंद करू नका, पण होडीतून मुलांना खाली उतरवा. मळमळ होते कारण डोळे सांगतात होडी हलतेय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण वर्गात स्थिर उभे आहोत. माझी बहीण खऱ्या होडीत कधी आजारी पडली नाही. माझ्या पहिल्या खेळातल्या होडीत तिला चौथ्या मिनिटाला उलटी आली.

रापणीत तर उपाय तयारच आहे. होडी किनाऱ्यापासून अर्धगोल जाळं सोडून परत येते आणि खरं काम वाळूवर होतं, दोन्ही टोकं धरून ओढणाऱ्यांचं. मुलांना वाळूवरच उभं करा, होडी लांबून जाताना दिसू द्या. पायाखालची जमीन खेळातही आणि खरीही स्थिर राहिली की बहुतेकांना त्रास होत नाही. दोर ओढणं हे काम उघड्या हातांना जमणारंही आहे. हात छातीसमोर राहतात, हालचाल संथ असते. एकच सांगा त्या विद्यार्थ्याला. दोन्ही हात एकमेकांवरून गेले की मागचा झाकला जातो, म्हणून दोन हातांच्या पकडीत वीतभर अंतर राहील असा दोर आखायचा. आणि शेवटी मासळीचे वाटे करण्याचा भाग नक्की घालायला सांगा. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं जाळं, ते मुलांना तिथे कळेल.

वयाचंही बघा. क्वेस्ट बनवणारी कंपनी १० वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नका म्हणते, १० ते १२ वयाला पालकांच्या देखरेखीचं खातं लागतं. सातवीची मुलं बारा-तेराची, म्हणजे आधी पालकांशी बोला. एका वेळी पाच मिनिटं पुरे, आणि शेजारी एक मोठं माणूस उभं हवंच.


प्रश्न : श्रीवर्धनला राहतो, बारावी झाली. हेडसेट घ्यायची ऐपत नाही. तरी शिकायला सुरुवात करता येईल का?

उत्तर : येईल. गोडो हे खेळ बनवायचं इंजिन मोफत आणि खुलं आहे. २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ओपनएक्सआर त्यात अंगचंच आहे. युनिटीत कीबोर्ड आणि माउसने हेडसेटचं सोंग आणणारा सिम्युलेटर मिळतो. पकडीचे दोन आकडे, वेगाचा इतिहास, जाळ्याचे बिंदू, वर देवगडच्या मुलाला सांगितलं ते सगळं त्यावर लिहून बघता येतं. सिम्युलेटरमध्ये हात कधी हरवत नाही, एवढं ध्यानात ठेव. म्हणून अधूनमधून मुद्दाम पाव सेकंद हात गायब करणारी दोन ओळींची सोय स्वतःच कर.

हेडसेट लागेल तो शेवटच्या महिन्यात. जवळच्या महाविद्यालयात विचारून बघ, चार मित्रांत मिळून जुना घे. घेतलास तर आपल्या पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, तोंडाला लागणारा फोम प्रत्येक वेळी वाळव आणि भिंगं कोरड्या मऊ फडक्यानेच पूस. चाचणीसाठी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, तेव्हा बरीच मंडळी घरी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. त्यांच्या पडवीत जा, चहा घे, आणि हेडसेट त्यांच्या हातात दे.