खुबा बदलताना वाटी बरोबर कोनात बसते का, आणि त्यासाठी रोबोटच पाहिजे का?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन कोल्हापुरात करावं की रोबोटसाठी पुण्याला न्यावं. माझ्या आईचं इथंच झालं, रोबोटशिवाय, त्यामुळं सांगतो.

मुख्य मुद्दा वाटीचा कोन. वाटी म्हणजे कंबरेच्या हाडात बसवायची कृत्रिम खोबण, तिच्यात मांडीच्या हाडाला लावलेला बॉल फिरतो. १९७८ पासून डॉक्टर लोक साधारण ४० अंश तिरकी आणि १५ अंश पुढं वळलेली, दोन्हीत १० अंश इकडंतिकडं, असा हिशोब धरत आलेत, पण त्या हिशोबात बसलेल्या वाटीतनंसुद्धा बॉल कधीकधी निखळतो, कारण माणूस बसला की कंबर मागं कलते आणि वाटीचा कोन बदलतो, आणि ज्यांचा मणका आखडलाय त्यांची कंबर तशी कलतच नाही, मग पुढं वाकलं की बॉल मागनं निसटायची भीती. म्हणून वडिलांना कंबरदुखी असेल किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर ते आधी सांगा, बसून आणि उभं राहून बाजूनं एक्स-रे काढायचा का ते विचारा. हे लय महत्त्वाचं.

दुसरं, टेबलावर कुशीवर झोपवलेलं असताना कंबर थोडी जरी फिरली तरी अंदाज चुकतो. नुसत्या नजरेवर न जाता खुब्यातल्या लिगामेंटच्या (हाडं बांधणाऱ्या पट्ट्याच्या) खुणेवरनं कोन बघतात, कोणी मध्येच एक्स-रे घेतात. पायाची लांबी तर आधीच एक्स-रेवर मोजून ठरवायला पाहिजे.

रोबोटनं कोन जास्त नेमका साधतो हे खरं, पण कुठला कोन साधायचा ते सर्जनच ठरवतो. मी तर नेहमी खुबे करणारा डॉक्टर आधी बघेन, मशीन नंतर. आणि वडील जेवायला मांडी घालून बसतात का, जोतिबाच्या पायऱ्या चढतात का, तेपण डॉक्टरांना आधीच सांगा.